तिन्हीसांजेला खुराड्याबाहेर बसणाऱ्या तलंगांना वळण कसे लावावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामप्रिया जातीची वीस पिल्ले आपण उबवणी केंद्रातून आणली, पडवीत बल्बच्या उबेवर वाढवली आणि आठ आठवड्यांची झाल्यावर परसातल्या नव्या खुराड्यात हलवून दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडली. आता ती अकरा आठवड्यांची आहेत. दिवसभर ती उत्तम चरतात, परंतु अंधारू लागले की काही पडवीच्या कठड्यावर, काही गोठ्याच्या वाशांवर आणि तीन-चार पेरूच्या झाडावर जाऊन बसतात. रोज रात्री त्यांना धरून आत टाकावे लागते आणि गेल्या आठवड्यात त्यांतले एक रानमांजराने नेले. त्यांना आपणहून आत जाण्याची सवय लागेल का, आणि ती कशी लावावी, असे आपण विचारले आहे.

सवय निश्चित लागेल. अकरा आठवड्यांच्या तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीला, वळण लावणे अवघड नाही. वर्षभर झाडावर झोपलेल्या कोंबडीला मात्र ते फार जड जाते. म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर न टाकता याच आठवड्यात हाती घ्यावे.

आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्री झाडावर चढून झोपतो आणि सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडाही तेच करतो. कोंबडीचा डोळा दिवसाच्या उजेडासाठी घडलेला आहे. रंग ती आपल्यापेक्षाही चांगले ओळखते, परंतु अंधारात तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यामुळे सूर्य मावळण्याच्या सुमारास, दिसेनासे होण्यापूर्वी, उंचावरची सुरक्षित जागा गाठण्याची ओढ तिच्यात उपजतच असते आणि ती आपण शिकवावी लागत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासात ती कोठे जाते, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. जागा आसपासच्या इतर जागांपेक्षा उंच आहे का, तेथे पाय ठेवण्याइतपत उजेड आहे का, आणि काल रात्री आपण व आपल्या सोबतिणी कोठे होतो. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत बलवान असते. आपल्या तलंगांनी पहिल्याच मोकळ्या संध्याकाळी कठडा आणि पेरू निवडला व त्यानंतर रोज तीच निवड पक्की होत गेली. रात्री धरून आत टाकल्याने त्यांची झोपण्याची जागा बदलली, पण संध्याकाळी जेथे जायचे ती जागा बदलली नाही.

उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. खुडूक, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसलेल्या, कोंबडीने काढलेली पिल्ले पहिले काही आठवडे आईच्या पंखाखाली जमिनीवर झोपतात. पुढे आई एका संध्याकाळी दांडीवर उडून बसते आणि पिल्ले धडपडत तिच्यामागे वर चढतात. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना ही आईही मिळत नाही आणि संध्याकाळही मिळत नाही. चोवीस तास पिवळ्या उजेडात राहिलेल्या पिल्लाने दिवस हळूहळू मावळताना पाहिलेलाच नसतो आणि उंचावर चढून बसण्याचा सरावही केलेला नसतो. अशा पिल्लांना एकदम परसात सोडले म्हणजे ती अंधाराच्या भीतीने उजेडाकडे धावतात, आणि आपल्या घरात तो उजेड बहुधा पडवीतल्या दिव्याचा असतो. आपल्या तलंगांनी कठडा का धरला, याचे उत्तर मला त्या दिव्यातच दिसते.

सर्वप्रथम सर्व तलंगांना सात ते दहा दिवस पूर्णपणे खुराड्यातच कोंडावे. या काळात त्यांना अर्धा तासही बाहेर सोडू नये, कारण एका संध्याकाळच्या सवलतीने आधीच्या चार दिवसांचे काम वाया जाते. खाणे, पाणी, विश्रांती आणि झोप हे सर्व एकाच जागी घडले की ती जागा त्यांच्या लेखी घर ठरते. मात्र दिवसभर कोंडायचे असेल तर प्रत्येक पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा हवी, म्हणजे वीस पक्ष्यांना पाच फूट बाय आठ फूट. केवळ रात्री झोपण्यासाठी प्रत्येकी एक चौरस फूट चालते, त्यामुळे बहुतेकांची खुराडी दिवसा कोंडण्यासाठी अपुरी पडतात. आपले खुराडे तसे असल्यास त्याच्या दारालगत बांबू आणि जाळी लावून तात्पुरते आवार करावे, त्यावरही जाळी टाकावी आणि सावलीसाठी झापे घालावेत. जागा अपुरी ठेवून कोंडल्यास तलंगा एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि ही खोड एकदा लागली की ती मोडणे कठीण जाते. कोंडलेल्या दिवसांत रोज हिरवा पाला टांगून ठेवावा. शेवग्याचा पाला त्यांना फार आवडतो आणि चोचींना कामही मिळते.

कोंडण्याच्या याच दिवसांत खुराड्यातील दांडी नीट पाहून घ्यावी. अनेक खुराड्यांत दांडीच नसते, आणि असली तरी कोंबडीला न मानवणारी असते. चार ते पाच सेंटिमीटर जाडीची, कडा गोलसर केलेली, खरबरीत लाकडी दांडी सर्वांत चांगली. गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो, म्हणून बांबूच वापरायचा असेल तर त्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळावा. प्लास्टिकचे किंवा लोखंडी पाइप वापरू नयेत. तलंगांसाठी प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर आणि पूर्ण वाढलेल्या कोंबडीसाठी वीस सेंटिमीटर लांबी धरावी. उन्हाळ्यात पक्षी अंग सैल सोडून, एकमेकांपासून दूर बसतात, तेव्हा थोडी अधिक लागते. पहिली दांडी जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटरवर आणि दुसरी तिच्यापासून तेवढीच मागे व वर घेतली म्हणजे पायरी मिळते आणि उडी चुकत नाही. दांडी भिंतीला अगदी खेटून नसावी, नाहीतर शेपटी अडते आणि पक्षी तिरका बसतो. सर्वांत वरच्या दांडीवर सगळ्यांनाच बसायचे असते, त्यामुळे ती सर्व पक्ष्यांना पुरेल इतकी लांब ठेवावी किंवा त्याच उंचीवर दोन दांड्या लावाव्यात. अपुऱ्या दांडीवर रोज भांडण होते आणि दुबळी तलंग अखेरीस बाहेरची वाट धरते.

अंडी घालण्याचे खण दांडीपेक्षा खाली असावेत आणि सध्या ते फळीने बंद करावेत. खण उघडे राहिले तर तलंगा त्यांत झोपू लागतात, रात्रभरची विष्ठा तेथेच पडते आणि पुढे अंडी घाण होतात. पहिले अंडे येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ते उघडावेत.

यानंतर उजेडाकडे वळू, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच सुटतात. संध्याकाळी सहा-साडेसहाला खुराड्याच्या दारात उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवरून आत पाहावे. बाहेर अजून चांगले दिसत असते, परंतु आत गडद अंधार असतो, आणि अंधारात पाय टाकायला कोंबडी धजत नाही. ती दारापर्यंत येते, मान लांब करून आत पाहते, मागे वळते आणि कठड्याकडे जाते. यावर उपाय असा की सूर्यास्तापूर्वी अर्धा तास खुराड्याच्या आत, दांडीच्या मागच्या बाजूला, एक मंद पिवळा दिवा लावावा. बॅटरीवरचा छोटा दिवाही पुरतो. त्याच वेळी पडवीतला, गोठ्यातला आणि अंगणातला दिवा मालवून ठेवावा. हल्ली दिवेलागणीला अंगणात पांढरे प्रखर दिवे लागतात आणि कोंबड्या त्यांच्याकडे खेचल्या जातात. दोन-तीन आठवडे घरच्यांनी एवढी गैरसोय सोसावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सर्व तलंगा दांडीवर स्थिरावल्या की आतला दिवा बंद करावा, परंतु पक्षी जमिनीवर असताना तो एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास त्या जेथे असतील तेथेच खाली बसतात, कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. पहिल्या काही रात्री अंधार पडल्यावर तासाभराने एकदा आत डोकावून ढीग झालेला नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. सवय पक्की झाली की या दिव्याची गरज उरत नाही.

रात्रभर पोट भरलेले राहावे म्हणून कोंबडी संध्याकाळी आवर्जून खाते, आणि तिच्या या भुकेचा आपण उपयोग करून घ्यावा. दिवसाच्या खाद्यातला साधारण चौथा हिस्सा राखून ठेवावा आणि तो ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या कणीच्या रूपाने सूर्यास्तापूर्वी पाऊण तास खुराड्यात, आणि फक्त खुराड्यातच, टाकावा. टाकताना दररोज एकच हाक द्यावी किंवा एकच डबा वाजवावा. कोंडलेल्या दिवसांतही हा क्रम पाळावा, म्हणजे बाहेर सोडण्याची वेळ येईल तेव्हा तो आवाज त्यांच्या अंगवळणी पडलेला असेल. हाक आणि दाणे यांची जोडी कधीही तोडू नये. औषध पाजायचे किंवा पक्षी विकायला धरायचा म्हणून तीच हाक देऊन बोलावले, तर काही दिवसांतच त्या हाकेवरचा विश्वास उडतो.

सात-दहा दिवसांनंतर प्रथम सोडायचे ते सकाळी सोडू नये. सूर्यास्तापूर्वी तासभर, पोट अर्धे रिकामे असताना दार उघडावे. तलंगा दाराच्या आसपासच राहतील, थोडे उकरतील, आणि हाक ऐकून दाण्यांसाठी आत येतील. तीन-चार संध्याकाळी हे सुरळीत झाले की दोन तास, मग दुपारपासून, आणि शेवटी सकाळपासून सोडावे. वाढवलेल्या वेळेत गडबड झाली तर पुन्हा एक पाऊल मागे यावे. हा सर्व काळ मिळून साधारण तीन आठवडे जातात.

एवढे करूनही एखाद-दुसरी तलंग जुन्या जागी जाईल. तिला उजेड असताना हाकलू नये, काठी आपटू नये आणि मुलांना तिच्यामागे पळायला लावू नये. पाठलाग झाला की कोंबडी खुराडे आणि भीती यांची सांगड घालते आणि दुसऱ्या दिवशी आणखी उंच जागा शोधते. पूर्ण अंधार पडेपर्यंत वाट पाहावी. त्या वेळी तिला दिसत नसल्यामुळे ती शांत असते. टॉर्चवर लाल कापड बांधून जवळ जावे, दोन्ही पंख अंगाशी दाबून, छातीखाली हात घालून अलगद उचलावे आणि आत नेऊन दांडीवरच ठेवावे. जमिनीवर टाकू नये. पायांना दांडी लागली की बोटे आपोआप तिच्याभोवती मिटतात. क्षणभर हात तसाच ठेवून ती स्थिरावल्यावर काढून घ्यावा. सकाळी तिला जाग येते ती सोबतिणींबरोबर, त्या दांडीवर, आणि अशा काही सकाळी ओळीने मिळाल्या की मन वळते. आपण आजवर पकडून आत टाकत होता ते वाया गेले, कारण त्यासोबत बाहेरची जागा बंद केलेली नव्हती. कठड्यावर आणि वाशांवर जाळी किंवा बाभळीचे काटेरी शिरे बांधावेत. पेरूच्या खोडाभोवती चढण्याजोगे काही ठेवू नये आणि खालच्या आडव्या फांद्या छाटाव्यात. प्रत्येक कळपात एखादी तलंग पुढाकार घेणारी असते. ती कोणती हे दोन संध्याकाळी लक्ष ठेवून ओळखावे आणि आधी तिलाच वळवावे; बाकीच्या बऱ्याच तिच्यामागे येतात.

पूर्वी व्यवस्थित आत जाणारा कळप जर अचानक बाहेर बसू लागला, तर दोष पक्ष्यांचा नसून खुराड्याचा आहे असे मी ठामपणे मानतो. पहिला संशय रक्त पिणाऱ्या लाल किडींवर घ्यावा. दिवसा त्या दांडीच्या टोकांशी, लाकडाच्या भेगांत आणि खिळ्यांच्या भोकांत दडून असतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीला चावतात, त्यामुळे दिवसा पक्षी तपासून काहीच सापडत नाही. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके दाबून फिरवावे. त्यावर तांबडे डाग उमटले तर शंका नको. दांड्या काढून उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवाव्यात, भेगा बुजवाव्यात, आतून चुन्याचा हात द्यावा आणि औषध कोणते व किती, हे पशुवैद्यकांना विचारूनच वापरावे. राखेची आणि कोरड्या मातीची एक जागा परसात राखून ठेवल्यास कोंबड्या तेथे लोळून अंगावरचे बरेच कीटक स्वतःच कमी करतात.

दुसरे कारण उष्णता. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याचे खुराडे दिवेलागणीला बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते आणि अशा वेळी बाहेर बसणारी कोंबडी शहाणपणानेच वागत असते. पत्र्यावर पेंढा किंवा झापे घालावेत, बाहेरून चुना लावावा आणि भिंतीच्या वरच्या भागात, पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा उंच, दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी ठेवावी. कोकणात उष्णतेपेक्षा दमटपणा त्रास देतो. पावसाळ्यात खुराड्याच्या जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस ओले होऊन त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो. आपले नाक दांडीच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यावा, आणि डोळे चुरचुरले तर तूस त्याच दिवशी बदलावे. तिसरी शक्यता म्हणजे रात्री आत कोणीतरी येऊन गेले असणे. धामण, नाग किंवा घूस एकदा शिरली की पक्षी त्या जागेला धास्तावतात. भिंतीच्या पायाशी, दाराखाली आणि कौलांखाली दोन बोटे जातील अशी फट राहू देऊ नये आणि जाळी अर्धा इंची, वेल्ड केलेली वापरावी. कोंबड्यांना आत डांबण्यासाठी जी साधी सहाकोनी जाळी वापरतात ती कोंबडीला अडवते, रानमांजराच्या पंजाला अडवत नाही. आपल्याकडे रानमांजर एकदा येऊन गेले आहे, आणि शिकार मिळालेल्या जागी ते पुन्हा येते. त्यामुळे दारालाही नुसती दोरी न बांधता कडी व खिट्टी लावावी.

जातीप्रमाणे थोडा फरक पडतो. ग्रामप्रिया अंगाने हलकी असल्यामुळे तिला उंच चढणे सोपे जाते. गावठी आणि कडकनाथ तर याबाबत अधिकच चपळ. वनराज आणि गिरिराज वजनाने भारी होतात, त्यांना दांडी कमी उंचीवर द्यावी आणि खाली तुसाची जाड गादी ठेवावी, नाहीतर रोज उंचावरून उडी मारून तळपायाला सूज येते. उडणाऱ्या तलंगांचा एका बाजूचा पंख छाटावा का, असे अनेकजण विचारतात. मला ते फारसे पसंत नाही. या वयात पिसे वरचेवर बदलत असल्याने छाटणीचा परिणाम टिकत नाही, वाढत्या पिसात रक्त असल्यामुळे चुकीच्या जागी कात्री लागली तर रक्तस्राव होतो, आणि मुंगूस किंवा कुत्रे अंगावर आले तर त्या पक्ष्याला निसटून जाण्याचा मार्ग उरत नाही.

आपल्याकडे जुन्या कोंबड्या असतील आणि तलंगा त्यांच्याच खुराड्यात घालायच्या असतील, तर आधी किमान दोन आठवडे मधे जाळी ठेवून दोघींना एकमेकींची ओळख होऊ द्यावी. जुन्या कोंबड्या संध्याकाळी दारातच उभ्या राहून नव्यांना टोचतात, आणि टोच खाल्लेली तलंग आत जाण्याचा नाद सोडते. अशा ठिकाणी दुसरे छोटे दार आणि विरुद्ध बाजूला वेगळी दांडी दिल्याने तंटा बराच कमी होतो.

रात्री सर्व पक्षी एका दांडीवर बसू लागले की लसीकरण अगदी सोपे होते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी आहे आणि त्यावर लस उपलब्ध आहे. तरीही गावोगावी ती चुकते, कारण दिवसा मोकळ्या कोंबड्या हाती लागत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावयाची आर-टू-बी लस आपल्या तलंगांना दिली नसेल, तर कोंडलेल्या दिवसांतच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती द्यावी. आजारी, सुस्त पक्ष्याला मात्र त्या वेळी वगळावे.

दार लावण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. पुण्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैत सव्वासातच्या आसपास, म्हणजे सव्वा तासाचा फरक पडतो. पावसाळी, ढगाळ संध्याकाळी कोंबड्या नेहमीपेक्षा लवकर आत येतात. घड्याळ पाहून दार लावणाऱ्यांकडून हिवाळ्यात दार उशिरा लागते आणि उन्हाळ्यात ते काही पक्षी बाहेर असतानाच लागते. पक्षी मोजून, संख्या जुळल्यावरच दार लावावे.

पुढची पिल्ले आणाल तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासूनच ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, दहा सेंटिमीटर उंचीची एक काठी ठेवावी. पिल्ले खेळता खेळता तिच्यावर चढू लागतात. पिसे फुटून हवामान ऊबदार असेल तर चौथ्या आठवड्यापासून रात्री बल्ब बंद करावा, आणि थंडीमुळे ऊब द्यावीच लागली तर ती उजेडाशिवाय देणारे साधन वापरावे. त्यांना आठव्या आठवड्यात खुराड्यात हलवताना आताच्या तलंगांपैकी दोन शांत, सवय लागलेल्या कोंबड्या जाळीपलीकडची ओळख झाल्यानंतर त्यांच्यासोबत कोंडाव्यात. त्या दोघी संध्याकाळी दांडीवर चढल्या की बहुतेक पिल्ले त्यांच्यामागे आपणहून चढतील, आणि पकडापकडीची पाळी आपल्यावर क्वचितच येईल.